उलट्याचं उलटं

‘उलटा’ हा शब्द कुणी उच्चारला, की आजही माझ्या तोंडात पाणी जमतं. भूक लागल्यावर जमतं ते नव्हे, ओकारीच्या आधी जमतं ते. साधा शब्द आहे, घरात उठताबसता कानावर येतो. सदरा उलटा घातलास, पाट उलटा मांडलास. बोलणाऱ्याला काय ठाऊक, की माझा डावा गुडघा तेवढ्यात आखडून बसलेला असतो.

लढाई संपली आणि मिलिटरीच्या वर्कशॉपातून मी सुटलो तो थेट सांगलीला मामांकडे आलो. आई गेल्यापासून माझं घर म्हणजे मामाच. मूळचे ते माणदेशातले, म्हसवडच्या पलीकडचे. घरी मेंढरं होती. एका दुष्काळात ती मेली, तेव्हा मामा खाली कृष्णाकाठी उतरले आणि एका संस्थानिकाच्या तबेल्यात घोड्यांकडे लागले. पुढं त्या तबेल्यात मोटार आली. उघडी, लांबलचक, लाकडी आऱ्यांच्या चाकांची विलायती गाडी. घोड्यांना हाकणाराच तिलाही हाकेल, असं सरकारांनी ठरवलं आणि मामा ड्रायव्हर झाले. काही वर्षांनी सरकारांचं मन दुसऱ्या गाडीवर गेलं, तेव्हा ही त्यांनी सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याला विकली. गाडीबरोबर मामाही आले. ‘‘गाडी, जादाचं चाक, पंप आणि डायवर, एवढं एकाच सौद्यात मिळालं,’’ असं मालक पाहुण्यांना सांगायचे आणि हसायचे. मामाही हसायचे. मला त्या दोन्ही हसण्यांचा तिटकारा यायचा.

वखारीच्या मागं गाडीची शेड आणि शेडला लागून मामांची खोली. मामी तिथंच राबली आणि तिथंच गेली. मामांचं जगात दुसरं काही नव्हतं. गाडी चालवायची, पुसायची आणि त्या खोलीत भाकरी थापून खायची. चाक हातात आहे तोवर खोली, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी आलो तेव्हा त्या गाडीची जी कळा झाली होती ती सांगायलाही जीभ वळत नाही. लढाईत पेट्रोल रेशनवर, म्हणून मालकांनी तिला रॉकेल पाजलेलं. एकदा हरिपूरला जमिनीखालच्या पेवांतली हळद बघायला जाताना इंजिन तापलं, तर मामा नको नको म्हणत असताना मालकांनी स्वतः नदीच्या पाण्याची घागर तिच्यावर ओतली. लोखंड तडकलं. मग शेडमध्ये ढकलून ठेवली. मी बॉनेट उघडलं तर हळदीच्या भुकटीचा पिवळा थर, त्यात उंदरांनी केलेलं घर, आणि या सगळ्यावर पानाच्या पिंका. मालकांची ती सवयच होती. तोंडात पान, हाताशी उघडं बॉनेट, की थुंकलेच आत. त्या गाडीत मामांनी लग्नाचं नवं धोतर नेसून बसावं इतकी ती त्यांना प्यारी होती, आणि मालकाला ती पिकदाणी.

तर या गाडीला पुन्हा जिवंत करायचं ठरलं, ते काही प्रेमाखातर नव्हे. मालकांच्या मुलीचं साताऱ्यात जमलं होतं. लग्न सांगलीत लागायचं आणि नवरा-नवरीनं याच मोटारीतून साताऱ्याला उतरायचं, म्हणजे व्याह्यांच्या गल्लीत नाव होईल. जुन्या इंजिनाचे भाग कुठं मिळेनात. मग मालकांनी मिलिटरीच्या लिलावातून जीपगाडीचं इंजिन आणलं, गियरपेटीसकट. हे बैलगाडीतून उतरवलं तेव्हा काळ्या तेलाचा असा वास सुटला की शेजारची म्हैस तोंड फिरवून उभी राहिली. आत तेल नव्हतंच म्हणा, डांबर होतं. हवा ओढायच्या नळीत पाल मरून वाळलेली. मी ती चिमट्यानं काढली आणि दुपारी जेवलो नाही.

‘‘बसंल का रं हे?’’ मामांनी विचारलं.

‘‘बसवू,’’ मी म्हणालो.

मालक शेडच्या दारात उभे होते. ‘‘बसवा. पण एक सांगतो,’’ ते मामांकडे न बघता मला म्हणाले, ‘‘इंजिन नवं, पेटी नवी. तुझ्या मामाचं वय झालंय. त्याच्या हाताला बसलं तर उत्तम. नाही बसलं तर लढाईवरून आलेली पोरं ढिगानं पडलीत. ती खोलीही मग त्यांनाच लागेल.’’ आणि पिचकन थुंकले.

मामा इंजिन पुसत राहिले. ऐकू न आल्यासारखं करायची कला त्यांनी तबेल्यातच शिकून घेतली होती.

इंजिन बसवणं हे अंगमेहनतीचं काम, त्यात मला भीती नव्हती. जुनं लांब होतं, हे आखूड. त्याच्यासाठी चासीला नव्या पट्ट्या मारल्या. जीपमध्ये पुढच्या चाकांनाही ओढ देणारी एक जादा पेटी असते. ती आम्हाला नको होती. ती काढली आणि मागच्या दांड्याशी सांधा जुळवायला लागणारा तुकडा मिरजेला लेथवर करून आणला. शेडमध्ये दिवसभर हळदीची धूळ उडे, ती घामात मिसळे, वर ग्रीस. अंगाला येणारा तो कडवट वास नदीवर आंघोळ करूनही जात नसे. भाकरीला तोच वास, पांघरुणाला तोच.

खरं संकट गियरच्या दांडीत होतं. जुन्या गाडीची रीत अशी, की दांडी पुढं ढकलली की गाडी पुढं जायची आणि मागं ओढली की मागं. सरळ. मामांच्या हातानं इतकी वर्षं हेच केलेलं. जीपच्या पेटीची तऱ्हा नेमकी याच्या विरुद्ध. दांडी मागं ओढली की पहिला गियर पडून गाडी पुढं जाते, आणि पुढं ढकलली की रिव्हर्स. मी मामांना लाकडाचा तुकडा हातात देऊन शिकवून बघितलं. तोंडानं बरोबर सांगत, हात मात्र जुन्याच वाटेनं जाई. रस्त्यात अचानक म्हैस आडवी आली तर माणूस डोक्यानं गाडी चालवत नाही, हातानं चालवतो. मामांचा हात बदलणार नव्हता.

मग मी दांडीची जोडणीच बदलायचं ठरवलं. नवी पेटी तशीही जुन्या दांडीपासून बरीच पुढं गेली होती, मध्ये एक लांब सळई लागणारच होती. मी ती सरळ न जोडता मध्ये तराजूच्या दांडीसारखी एक आडवी पट्टी घातली, मधोमध खिळ्यावर फिरणारी. एक टोक पुढं गेलं की दुसरं मागं. बस. मामांनी दांडी पुढं ढकलली की आत ती मागं ओढल्यासारखी पोचायची. मिरजेच्या एका तंबोरेवाल्याकडून शिसवीची एक मोठी खुंटी घेतली आणि ती दांडीच्या टोकाला मूठ म्हणून बसवली.

‘‘ह्या पेटीचा गियर जन्माचा उलटा हाय मामा,’’ मी सांगितलं. ‘‘म्हनून मी तो उलटा केलाय.’’

‘‘म्हंजे कसा?’’

‘‘उलट्याचं उलटं. म्हंजे तुमच्या हाताला सुलटा.’’

मामांनी मुठीवरून हात फिरवला. ‘‘उलटा केलाय, म्हंजे आपला पयल्यासारका.’’

‘‘व्हय.’’

एवढं त्यांनी पक्कं धरलं. वखारीतले हमाल यायचे, बघायचे, विचारायचे, मामा नवी मशीन कशी हाय. ‘‘लय झ्याक. भाच्यानं गियर उलटा करून दिलाय,’’ मामा कौतुकानं सांगायचे. आम्ही गाडी कऱ्हाडावरून साताऱ्यापर्यंत नेऊन आणली. परतीला मामा गुणगुणत होते. मालक मागं बसून झोपले होते, त्यांच्या घोरण्याचा सूर इंजिनाच्या वर लागत होता. उतरताना म्हणाले, ‘‘जमलं म्हणायचं तुला.’’ मामांनी खोलीत जाऊन मामीच्या तसबिरीपुढं ऊदबत्ती लावली. मला वाटलं, सुटलो.

मग जावई आले.

हे गृहस्थ लढाईत कुठल्याशा रेशनच्या कोठारावर होते. गोळी कधी ऐकली असेल असं वाटत नाही, पण बोलणं असं की बर्मा यांनीच सोडवला. तिथं जीप चालवायला शिकलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजनाला वऱ्हाड आलं, आणि यांनी मोटार बघून फेरी मारायची म्हणून चाक घेतलं. जीपच्या सवयीनं दांडी मागं ओढली. गाडी मागं आली आणि मांडवाच्या एका खांबाला टेकली. फार काही झालं नाही, पण नवऱ्या मुलाची शोभा झाली, चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. झालं. जावई रुसले. रुसायचा त्यांचा हक्कच तो. कुणी घड्याळासाठी रुसतं, कुणी सायकलसाठी, हे गियरसाठी रुसले. म्हणाले, साताऱ्यापर्यंत गाडी मीच नेणार, आणि ती मिलिटरीच्या रीतीनंच चालली पाहिजे, नाहीतर पानाला हात लावणार नाही. श्रीखंडाची वाटी पुढं ठेवून ते जानवसघरात भिंतीकडे तोंड करून बसले. सगळं घर त्यांच्या विनवण्या करत होतं. एक धडधाकट बाप्या, ओठ काढून बसलेला.

मालकांनी मला सामान उतरवून घ्यायला मिरज जंक्शनला पिटाळलं. मुद्दामच. मी असतो तर भांडलो असतो. माझ्या मागं वऱ्हाडातल्या एका मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी गाडीच्या तळाची फळी उघडली, माझी तराजूची पट्टी काढून फेकली आणि तिथं सरळ सळई जोडली. काम चांगलं केलं त्यानं, नावं ठेवायला जागा नाही. आणि माणूसही भला. हात पुसत तो मामांच्या खोलीकडे गेला आणि त्यांना सांगून आला. त्याचे शब्द मला पुढं मामांनीच सांगितले.

‘‘मामा, गियर उलटा केलाय बरं का. ध्यानात ठेवा.’’

‘‘व्हय, ठावं हाय मला,’’ मामा म्हणाले.

का नसेल ठाऊक? किती दिवस तेच तर सगळ्यांना सांगत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जावयांचा रुसवा कसा निघाला ते मला तोवर कुणी बोललं नाही आणि विचारायला मला उसंत नव्हती, मी पत्रावळी आणि पिंपं उचलण्यात. पाठवणीच्या वेळी गाडी वखारीसमोर उभी केलेली होती, मागं हातभरावर वखारीची दगडी भिंत आणि भिंतीलगत गटार. हमालांनी ती शेडमधून ढकलतच आणून लावली होती, त्यामुळं गियरला कुणाचा हातच लागला नव्हता. जावई पुढं बसायला निघाले तर भटजींनी अडवलं. नवरीच्या शालूला आणि नवरदेवाच्या उपरण्याला बांधलेली गाठ गणपतीच्या देवळात सुटायची होती. तोवर दोघांनी जवळ बसलं पाहिजे. मग ठरलं, देवळापर्यंत मामा नेतील, गाठ सुटली की जावई चाक घेतील. मामांनी इस्त्रीचा कोट घातला होता. चारी चाकांपुढं लिंबं ठेवली, नारळ फुटला. मी मागं कॅरियरवर नवरीच्या ट्रंकेचे पट्टे आवळत होतो, भिंतीकडे पाठ करून.

मामांनी दांडी पुढं ढकलली.

काय झालं ते मला आवाजावरून कळलं. आतला खटका चुकीच्या बाजूला वाजला. मी हात वर केला तोवर गाडी मागं आली होती, चाकं गटारात उतरली होती, आणि माझा डावा गुडघा कॅरियरच्या लोखंडात आणि भिंतीत सापडला होता. इंजिन धक्क्यानं बंद पडलं. वाजंत्री थांबली. हमालांनी पुढून ओढून बघितलं, पण गटारातली चाकं जरा वर येत आणि पुन्हा बसत, प्रत्येक वेळी माझ्या गुडघ्यावर. मीच ओरडून त्यांना थांबवलं. इंजिनाच्या जोरावरच ती निघणार होती.

आणि तेव्हा मी काय ऐकलं, तर वरमाईंचा आवाज. ‘‘गाडी मागं गेली. लिंबं तशीच राहिली. अशानं आमच्या मुलाला बाहेर न्यायचं नाही.’’ मालक लगेच म्हणाले, ‘‘ती लिंबं उचला. दुसरी आणा. कुणीतरी पळा मंडईत.’’ आणि एकजण खरंच पळाला. मी भिंतीला चिकटून उभा, गटाराचं पाणी चपलेत, आणि माझ्या देखत दोन बायका वाकून काळजीपूर्वक चारी लिंबं गोळा करत होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून चुकचुकली आणि पुढच्या चाकाकडे गेली. माणसांची इतकी किळस मला लढाईतही कधी आली नव्हती.

मामा मागं वळून बघत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला सगळं उमगलं होतं, सांगायला मात्र वेळ नव्हता.

‘‘मामा, मशीन चालू करा. आन् दांडी मागं वडा.’’

‘‘मागं?’’

‘‘व्हय. मागं. वडा तुमी.’’

त्यांनी मशीन चालू केली. हात मुठीवर ठेवला. मला मागून तो हात दिसत होता. किंचित मागं आला आणि थांबला.

‘‘गड्या,’’ मामा म्हणाले, ‘‘मागं तर तू हाईस.’’

‘‘मामा, ऐका माझं. गाडी पुढंच जाईल.’’

त्यांनी हात काढून घेतला. मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून बसले.

मग जावयांनी उपरणं खांद्यावरून काढलं, ते गाठीसकट नवरीच्या मांडीवर टाकलं आणि मागच्या बाकावरून पुढं उडी मारली. मामांना दंडाला धरून खाली उतरवलं. चाक घेतलं, दांडी मागं ओढली, आणि गाडी घरघरत गटारातून वर आली. मी खाली बसलो. तेवढ्यात मंडईतली लिंबं पोचली होती. ती घाईघाईनं चाकांपुढं सरकवली गेली, चिरडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘जावई असावा तर असा,’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘म्हाताऱ्यानं तर पोराचा जीवच घेतला असता.’’ वाजंत्री पुन्हा सुरू झाली. गाडी गेली. नवरा पुढं आणि गाठीचं उपरणं मागं नवरीच्या मांडीवर, याचं त्या क्षणी कुणालाही काही वाटलं नाही. पुढून ओढणारे हमाल तेवढे माझ्याकडे धावले. मामा रस्त्याच्या मधोमध बोडक्यानं उभे होते, त्यांचा फेटा गाडीतच राहिला होता.

मिरजेच्या दवाखान्यात माझा पाय वाचला, गुडघा नाही. मालक एकदा बघायला आले. कॉटच्या कडेला बसून म्हणाले, ‘‘देवाची कृपा. मुहूर्त टळला नाही.’’ मग पिंक कुठं टाकावी म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. खोली रिकामी करून घेतल्याचं मला त्यांच्याकडून नाही, मामांकडून कळलं. मामा माणदेशात परत निघाले होते, भावकीत कुणाच्या तरी पडवीत. चाकाला पुन्हा हात लावणार नाही म्हणाले.

मी त्यांना कॉटवर बसवून दोन काटक्या आणि सुतळीनं सगळं दाखवलं. माझी पट्टी काढली होती, सरळ सळई घातली होती, तुमचा हात बरोबर होता. त्यांनी लक्ष देऊन बघितलं.

‘‘पर त्यानं सांगितलं हुतं की मला,’’ ते म्हणाले. ‘‘उलटा केलाय म्हनून. मीच ठावं हाय म्हनलो.’’

तो मेकॅनिक खोटं बोलला नव्हता, मामा चुकीचं समजले नव्हते. आणि दोन माणसांच्या तोंडचा तो एकच शब्द, एकाच्या तोंडी असा आणि दुसऱ्याच्या तोंडी तसा. त्या शब्दाला धरून कुठं आपटावं ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढं मी दरवर्षी सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला जायचो आणि तिथून मामांकडे. पडवीत घोंगडीवर बसलेले असत. जवळ ती शिसवीची खुंटी. गाडी साताऱ्याहून शेडमध्ये परत आली होती, निघताना तिच्या दांडीवरून तेवढी काढून आणली होती. मी माझा ताठ पाय पसरून बसलो की ते गुडघ्यावरून हात फिरवत. मग खुंटी मुठीत धरून हळूच पुढं ढकलत आणि माझ्याकडे बघत.

‘‘म्या पुढंच टाकला हुता, न्हवं रं?’’

‘‘व्हय मामा. पुढंच.’’

दर वर्षी विचारायचे. दर वर्षी मी हेच सांगायचो, आणि ते मान डोलवायचे. पण खुंटी पुन्हा मागं घ्यायची झाली, की त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि ते आधी वळून स्वतःच्या मागं कुणी आहे का ते बघायचे.